पुन्हा पुन्हा येणारं गळू आणि आतली वाट

या विषयावर रेडिओवर बोलायचं ठरलं, तेव्हा माईकसमोर बसूनही आम्ही तिघी थोडा वेळ एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. विषय आहे संडासच्या जागेजवळ होणाऱ्या गळवाचा, आणि त्यातून पुढे होणाऱ्या भगंदराचा. बोलणं प्रसारित झाल्यावर फोन आले. बऱ्याच जणींनी सांगितलं, "घरात माणसं होती म्हणून आवाज बारीक केला, मग अर्धं ऐकायचं राहून गेलं." म्हणून ते बोलणं इथे छापतो आहोत. गटाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचा. बाकीच्या लाजल्या तरी ऐकतील.

सुरुवात आमच्या एका ताईपासून करतो. तिला विचारूनच हे सांगतोय, नाव तेवढं सांगणार नाही. ही ताई गटाच्या बैठकीला यायची, पण बसायची नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी. "बस की गं" म्हटलं की "नको, पाय दुखतात" म्हणायची. पाय दुखतात म्हणून कुणी उभं राहतं का? पण आम्हीही दोन वर्षं ते ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं.

तिला जागेच्या बाजूला गळू झालं होतं. ठणका, ताप, बसता येईना. गावातल्या डॉक्टरांनी चिरा दिला, पू गेला, बरं वाटलं. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी गाठ. पुन्हा चिरा. तिसऱ्या वेळी बाजाराच्या गावी "मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज" अशी पाटी लावलेल्या एकाकडे गेली. त्याने कसलं तरी इंजेक्शन त्या जागी टोचलं, आठ दिवस आग आग झाली, आणि गळू काही गेलं नाही. पुढे ते बंदच झालं नाही. थोडा पू, थोडं पाणी, कधी रक्त, रोज. जुन्या सुती साडीच्या घड्या करून ती आत ठेवायची आणि रात्री अंधारात धुवायची. हे मूळव्याधच आहे असं समजून तिने वांगी सोडली, मिरची सोडली, अंडं सोडलं. दोन वर्षं.

इथे पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्याकडे त्या जागेचं काहीही दुखलं की त्याला एकच नाव, मूळव्याध. पण तिथे वेगवेगळे आजार होतात. मूळव्याधीत आतल्या रक्तवाहिन्यांचे कोंब फुगतात, बहुतेक वेळा न दुखता लाल रक्त पडतं. चीर पडली असेल, ज्याला डॉक्टर फिशर म्हणतात, तर शौचाच्या वेळी ब्लेडने कापल्यासारखं दुखतं. आणि गळू म्हणजे पू. त्याचा ठणका सतत असतो, शौचाला जा किंवा जाऊ नका. गाठ हाताला गरम लागते, ताप येतो. ते फुटलं किंवा चिरलं आणि जागा भरून न येता वाहत राहिली किंवा पुन्हा पुन्हा फुगत राहिली, तर भगंदराची शंका घ्यायची. वांगी सोडून यातलं काही जात नाही.

हे गळू येतं कुठून? बहुतेकींना वाटतं घामाने, बसून बसून, उष्णतेने. खरं असं आहे की शौचाच्या मार्गाच्या आत, तोंडापासून बोटाच्या पेरभर वर, बारीक ग्रंथी असतात. त्या चिकट ओलावा सोडतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आत जंतू अडकतात आणि पू होतो. ही ग्रंथी स्नायूंच्या मधल्या जागेत असते, म्हणून पूला बाहेर यायला सरळ रस्ता नसतो. तो वाट शोधत खाली किंवा बाजूला सरकतो आणि कातडीखाली येऊन फुगतो. आपल्याला दिसतं ते गळू म्हणजे त्या वाटेचं शेवटचं टोक. सुरुवात आतच असते.

उंदराचं बीळ आठवा. बांधावरचं एक तोंड बुजवलं तर उंदीर दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. वरचं गळू चिरलं, पू काढला, हे अगदी बरोबर आहे, ते करायलाच हवं. पण आतलं तोंड उघडं राहिलं, तर तिथून घाण येत राहते. ज्यांना असं गळू होतं, त्यांच्यातल्या तीनात एकीपासून निम्म्या जणींपर्यंत पुढे अशी कायमची वाट तयार होते. आतलं एक तोंड, बाहेरचं एक तोंड, मधे बोगदा. त्याचंच नाव भगंदर. डॉक्टर त्याला फिस्तुला म्हणतात. पुरुषांमध्ये हा आजार बायकांपेक्षा जास्त आढळतो, म्हणूनही असेल, बाईला झाला की तिच्याकडे कुणी त्या नजरेने बघत नाही.

मग हा बोगदा सरळ उघडा पाडून साफ का करत नाहीत? करतात, आणि वाट वरवरची असेल तर तोच चांगला उपाय आहे. अडचण आहे ती स्नायूंची. आणि बाईसाठी खरा धोका इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शौचाचा मार्ग बंद ठेवायला दोन गोल स्नायू असतात. बटव्याला दोन नाडे असावेत तसे. आतला नाडा आपोआप आवळलेला असतो. झोपेतसुद्धा तो सैल पडत नाही, आपण सांगून तो ऐकत नाही. बाहेरचा नाडा आपल्या हातात असतो. एसटीत बसलोय, पोटात कळ आली, थांब्यापर्यंत रोखून धरायचंय, तेव्हा आपण आवळतो तो हा. भगंदराची वाट कधी या दोन नाड्यांच्या मधूनच खाली उतरते, कधी दोन्हींना भेदून आरपार जाते, आणि क्वचित त्यांच्या वरून वळसा घालून येते. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले सर्जन अ‍ॅलन पार्क्स यांनी १९७६ मध्ये या वाटांचे चार प्रकार मांडून दिले. आजही डॉक्टर तेच वापरतात.

आता समजा वाट बाहेरच्या नाड्याच्या बऱ्याच भागातून गेलीय आणि सर्जननी ती न बघता सरळ उघडली. वाट उघडली म्हणजे तिच्या खालचा नाडाही कापला गेला. भगंदर बरा होईल, पण वारा रोखता येणार नाही, पातळ शौच झालं तर साडी भिजेल. एका दुखण्यातून सुटून बाई दुसऱ्यात पडली, आणि हे दुसरं तर ती कुणाला सांगणारही नाही.

त्यात बाईचं शरीर वेगळं. बाहेरचा स्नायू पुढच्या बाजूला, म्हणजे योनी आणि संडासची जागा यांच्या मधे, मुळातच आखूड असतो. शिवाय बाळंतपणात फाटतं ते तिथेच. वरची कातडी शिवली जाते, भरून येते, पण आतला स्नायू तुटलेला राहून जाऊ शकतो. १९९३ मध्ये लंडनमध्ये पहिलटकरणींची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आतून सोनोग्राफी केली. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या ७९ पैकी २८ जणींच्या स्नायूला इजा झालेली दिसली. त्यातल्या बऱ्याच जणींना काहीही त्रास नव्हता, म्हणून घाबरून जाऊ नका. पण पुढे कधी अशा बाईला पुढच्या बाजूला भगंदर झालं आणि आधीच अर्ध्यावर आलेला नाडा आणखी कापला गेला, तर काय उरेल? म्हणून कापण्याच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. वाट नेमकी कुठून कशी गेलीय, आणि नाडा कुठे किती शाबूत आहे. बोटाने तपासून अनुभवी सर्जनना यातलं बरंच कळतं. सगळं कळत नाही.

इथे सोनोग्राफी येते.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गरोदर बाई येते, आणि "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी. पण ते यंत्र काही गर्भाशयापुरतं नाही. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच हे. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज यंत्र शरीरात सोडतं. तो कातडीवर, स्नायूवर, पूवर आपटून वेगवेगळ्या तऱ्हेने परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे पोटात बाळ असलं तरी या तपासणीतल्या आवाजाची भीती बाळगायची नाही. गरोदर आहोत हे मात्र आधी सांगायचं.

या जागेची सोनोग्राफी दोन तऱ्हांनी होते. एकीत नेहमीचाच दांडा बाहेरून, योनी आणि संडासच्या जागेच्या मधल्या भागावर ठेवतात. आत काहीच घालत नाहीत. गळू ताजं असेल, हात लावू देववत नसेल, तेव्हा ही सोयीची. दुसरीत साधारण बोटाएवढा जाड, गुळगुळीत दांडा कंडोम चढवून, जेल लावून आत सरकवतात. त्याच्या टोकातून चहूबाजूंना आवाज जातो, म्हणून चित्र गोल दिसतं. झाडाचं खोड आडवं कापल्यावर वर्तुळं दिसतात तसं. आतला स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो, बाहेरचा त्याच्याभोवती करड्या-पांढऱ्या कड्यासारखा. पू काळा दिसतो. भगंदराची वाटही काळसर रेघ होऊन दिसते, आणि ती कुठल्या कड्याला कुठे भेदते ते कळतं. कडं जिथे तुटलंय, तिथे ते तुटलेलंच दिसतं. सेंट मार्क्समधल्याच डॉक्टरांनी १९८९ मध्ये भगंदरासाठी या आतल्या सोनोग्राफीचा उपयोग दाखवून दिला.

कधी कधी जुन्या व्रणात वाट हरवते. व्रणही काळसरच दिसतो. तेव्हा डॉक्टर एक युक्ती करतात. जखमेवर टाकलं की फेस येतो ते औषध तुम्हाला माहीत आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. ते बाहेरच्या तोंडातून बारीक नळीने थोडंसं आत सोडतात. आत बुडबुडे होतात आणि मघाशी काळी असलेली वाट पडद्यावर पांढरीशुभ्र चमकत जाते. आतलं तोंड कुठे आहे तेही बहुतेक वेळा दिसतं. जरा झोंबतं, असं आमची ताई म्हणाली. पण त्या पाटीवाल्याच्या इंजेक्शनपुढे काहीच नाही, असंही म्हणाली.

तपासणीला साधारण पाव तास लागतो. उपाशी राहायची किंवा पोटातल्या सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन लघवी रोखून धरायची सहसा गरज नसते. शौचाला जाऊन यायला सांगतात, कधी आधी एनिमा देतात. कुशीवर किंवा बाळंतपणाच्या वेळी झोपवतात तसं झोपवतात. अंगावर चादर मागा. सोबत एखादी बाई किंवा नर्स असावी असं सांगायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. फार दुखत असेल तर "थांबा" म्हणा, ते थांबतात. आणि काही गोष्टी तोंडाने सांगाव्याच लागतात, यंत्राला त्या कळत नाहीत. बाळंतपणं किती झाली, चिमटा लावला होता का, फाटलं होतं का, टाके किती पडले होते, त्या जागी आधी किती वेळा चिरा दिलाय, साखरेचा आजार आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का. जुने कागद पिशवीत टाकून न्या, फाटलेले असले तरी.

योनीवाटे वारा सरतो किंवा घाण येते, असं होत असेल तर तेही सांगा. मलमार्ग आणि योनी यांच्यात वाट पडली तर असं होतं, बहुतेकदा बाळंतपणातल्या इजेनंतर. हे सांगायला सगळ्यात अवघड वाटतं, पण सर्जनचा सगळा बेत त्यावरून बदलतो.

रिपोर्टमध्ये घड्याळाची भाषा असते. आपण उताण्या झोपलोय आणि त्या जागेवर घड्याळाची तबकडी ठेवलीय असं समजायचं. बारा वाजता म्हणजे पुढे, योनीच्या बाजूला. सहा वाजता म्हणजे मागे, माकडहाडाकडे. "आतलं तोंड सहा वाजता" असं लिहिलं असेल तर घाबरून घड्याळ बघू नका. आमच्यातल्या एकीने खरंच विचारलं होतं, "सकाळी सहा की संध्याकाळी?"

आमच्या ताईच्या रिपोर्टमध्ये काय निघालं? वाट पुढच्या बाजूला, एक वाजण्याच्या जागी होती आणि दोन्ही स्नायूंना भेदून गेली होती. आणि अकरा ते एकच्या मधे बाहेरचं कडंच तुटलेलं होतं. जुनी फाट. दुसरं बाळंतपण जीपमध्ये, रस्त्यात झालं होतं, टाके दुसऱ्या दिवशी पडले. तेव्हापासून तिला वारा रोखता येत नव्हता. अकरा वर्षं. तिला वाटत होतं, मुलं झाली की सगळ्यांचंच असं होत असेल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्जननी तो रिपोर्ट बघितला आणि ठरवलेलं ऑपरेशन बदललं. वाट उघडायची नाही. त्यातून एक सैल दोरा ओवून ठेवायचा, म्हणजे पू साठणार नाही, निचरा होत राहील. आतली सूज उतरली की स्नायू न कापता वाट बंद करायची पद्धत बघायची. रिपोर्ट नसता तर पहिल्याच दिवशी नाडा कापला गेला असता, हे त्यांनी तिला चित्र काढून समजावलं. तो कागद तिने देव्हाऱ्यात ठेवलाय.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या प्रत्येक जण फोड आला की सोनोग्राफी मागेल. वाट वरवरची आहे, पहिलीच वेळ आहे, अनुभवी सर्जनना बोटाने स्पष्ट कळतंय, तर तपासणीवाचूनही ऑपरेशन नीट होतं. उलट वाट फार उंच किंवा लांब गेली असेल, फाटे फुटले असतील, आधी ऑपरेशनं फसली असतील, तर सोनोग्राफी पुरत नाही. आतल्या दांड्याला जवळचं छान दिसतं, लांबचं धूसर. मग एमआरआय करावा लागतो. तो महाग आणि लांब, पण उगाच सांगत नाहीत. लंडनमध्ये २००४ मध्ये या तिन्हींची तुलना छापून आली. शंभरावर वाटा तपासल्या होत्या. नुसत्या बोटाने १०० पैकी ६१ वाटा बरोबर ओळखता आल्या, आतल्या सोनोग्राफीने ८१, एमआरआयने ९०. शिवाय हे चित्र बघणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून असतं. गरोदर बायकांची सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येकाला ही येतेच असं नाही. "भगंदराची सोनोग्राफी तुमच्याकडे होते का" असं विचारूनच जायचं.

आणि एक गोष्ट अगदी ठळक सांगतो. भगंदराच्या तपासणीला चार दिवस उशीर चालतो, गळवाला चालत नाही. गाठ फुगलीय, ठणकतेय, थंडी वाजून ताप येतोय, लाली पसरतेय, लघवी अडलीय, किंवा साखरेचा आजार आहे, तर सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंत घरी बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पू काढून घ्यायचा. नुसत्या गोळ्यांनी साठलेला पू जिरत नाही. गरम विटेने शेकून, कांदा भाजून बांधून फोडायची वाट बघत बसलेल्या बायका आम्ही पाहिल्यात. पू तोवर आत पसरत असतो. फक्त एका वेळी सोनोग्राफी गळवातही आधी लागते. दुखणं भयंकर आहे, ताप आहे, पण बाहेर गाठच दिसत नाही. पू दोन स्नायूंच्या मधे किंवा वर दडलेला असला की असं होतं, आणि मग तो शोधावा लागतो.

फोनवर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे देतो.

सगळ्यात जास्त जणींनी विचारलं ते क्षारसूत्राबद्दल. दोऱ्याचा आयुर्वेदिक उपाय खरा की खोटा? खरा आहे. भगंदर हा आजार आपल्याकडे फार जुना ओळखीचा. सुश्रुतांनी त्याची गणती आठ महाकठीण रोगांत केली आणि वाटेच्या रूपावरून नावं दिली. चाळणीसारखी अनेक भोकं असलेला शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उष्ट्रग्रीव, शंखाच्या वळणासारखा शंबूकावर्त. सोनोग्राफी नसताना त्या माणसांनी वाटेचाच विचार केला होता, याचं आम्हाला कौतुक वाटतं. क्षारसूत्रात औषध चढवलेला दोरा वाटेत ओवतात आणि साधारण आठवड्याला बदलतात. तो वाट हळूहळू कापत आणि भरत आणतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची ऑपरेशनशी रीतसर तुलना केली, ती १९९१ मध्ये छापली. दोऱ्याने बरं व्हायला जास्त आठवडे लागले, पण आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं. फक्त हा दोराही वाटेखालचा स्नायू कापतच जातो. म्हणून आधी वाट आणि स्नायू बघणं इथेही तितकंच गरजेचं. आणि तो शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडेच. बाजारातल्या पाटीवाल्याच्या दोऱ्यात काय लावलंय, देव जाणे.

एका काकूंनी विचारलं, टीबीचा आणि याचा काय संबंध? बहुतेकींना नसतो. पण काही वेळा भगंदर टीबीमुळे होतं, काही वेळा आतड्याच्या दीर्घ सुजेमुळे, आणि ते औषधाशिवाय कितीही कापलं तरी भरत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा तपासायला पाठवलाय का, हे विचारा. त्याचा रिपोर्ट आणायला मात्र विसरतात सगळे.

पैशांचं काय, असंही विचारलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जिथे आहे, त्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठा आणि आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, तपासणीचा खर्च कोण करणार, हे तिथेच विचारून घ्या. नंतर विचारून उपयोग नसतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी खाजगीपेक्षा बरीच स्वस्तात होते. कुठे जायचं ते ठाऊक नसेल तर आशाताईंना विचारा.

आणि एका मुलीने, आवाजावरून विशीतली असेल, हळूच विचारलं, "सर्जन पुरुष असतील तर काय विचारायचं ते सुचत नाही." तिला आम्ही सांगितलं, कागदावर लिहून ने. माझी वाट किती स्नायूतून गेलीय? पुढचा स्नायू शाबूत आहे का? तुम्ही काय कापणार, काय ठेवणार? नंतर मला वारा आणि शौच रोखता येईल ना? वाचून दाखवायची लाज वाटली तर कागदच त्यांच्या हातात द्यायचा.

आमच्या ताईचा दोरा अजून तसाच आहे. ताप गेला, ठणका गेला, ओलावा थोडा राहिलाय, घडी दिवसातून एकदाच बदलावी लागते. मागच्या बैठकीला ती सतरंजीवर बसली, एका मांडीवर, पण बसली. येत्या मंगळवारी पुन्हा दाखवायला जायचंय. गटातल्या दोघी सोबत जाणार आहेत, सकाळी सात-दहाच्या गाडीने.